इंडियन रक्तगट आणि आपलं अर्धं राहिलेलं भांडण

मुनीरभाई,

तुम्ही ओरडलात तेव्हा माझ्या हातातली नळ्यांची रॅक खाली पडता पडता वाचली होती. दुपारची वेळ, रक्तपेढीत आपण दोघंच, आणि तुमचा आवाज थेट बाहेरच्या खिडकीपर्यंत गेला. "गेलं! बेटा, गेलं! बघ, एक गाठ न्हाय!" बाहेर रांगेतल्या लोकांना वाटलं, आत कुणीतरी दगावलं. एक म्हातारी तर डोक्यावरचा पदर सारखा करून दाराशी आली. आणि तुम्ही पन्नाशी उलटलेला माणूस, खिडकीच्या उजेडात नळी धरून लहान पोरासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतात.

तुम्ही गेलात त्याला आज बावीस दिवस झाले. शोकसभेत जो तो उठून म्हणाला, मुनीरभाई म्हणजे शांत माणूस, कामाशी काम. मी मागच्या खुर्चीवर बसून हसू दाबत होते. शांत? या माणसांनी तुम्हाला अँटिबॉडी सापडताना बघितलंच नव्हतं.

म्हणून ठरवलं, की त्या आठवड्याबद्दल तुमच्याशीच बोलायचं. त्याच आठवड्यात मी तुमच्याकडून सगळ्यात जास्त शिकले आणि त्याच आठवड्यापासून तुमच्याशी भांडत आले. शिवाय एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली आहे.

सुवर्णा येडशीहून आली होती. आठवा महिना, दुसरं बाळंतपण, आणि हिमोग्लोबिन पाचाच्या घरात. पलंगावरून उठून बसली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी रक्त मागवलं, बी पॉझिटिव्ह, आणि बी पॉझिटिव्हच्या पिशव्या आपल्या फ्रीजमध्ये भरपूर होत्या. मी पहिली जुळवून बघितली, जुळली नाही. दुसरी, तिसरी, नववी, एकही नाही. तपासणीच्या प्लास्टिक कार्डातल्या प्रत्येक बारीक नळीत लाल रेघ वरच अडकून राहिलेली. पेशी तळाशी ठिपक्यासारख्या बसल्या की रक्त जुळलं, वर रेघ अडकली की नाही जुळलं, एवढं आपल्याकडं झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक होतं. त्यांनी लांबून बघूनच विचारलं, "काय ओ ताई, आज सगळ्याच वर?"

मी म्हणाले, "रसायन खराब झालंय, सर. नवा बॉक्स फोडू या."

तेव्हा मी तुम्हाला सर म्हणायची. नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

तुम्ही नवा बॉक्स फोडला नाही. सुवर्णाचा सीरम, रक्ताचं वरचं पिवळं पाणी, घेऊन तिच्याच पेशींशी जुळवलात. तळाशी सुबक ठिपका. "बघ," तुम्ही म्हणालात, "स्वतःशी भांडण न्हाय हिचं. साऱ्या दुनियेशी आहे. याचा अर्थ काय?"

 तुम्ही स्टूल ओढून बसलात. बाहेर डॉक्टर वाट बघत होते, आणि तुम्ही शिकवायला घेतलंत. त्या वेळी राग आला होता. आज तुमचा प्रत्येक शब्द आठवतो. तांबड्या पेशीच्या अंगावर शेकडो खुणा असतात. ए, बी आणि आरएच आपण रोज बघतो, बाकीच्यांना पुस्तकात मायनर म्हणतात. जी खूण आपल्या पेशीवर नाही ती दुसऱ्याच्या रक्तातून किंवा पोटातल्या बाळाकडून अंगात शिरली, की शरीर तिला परकी मानतं आणि तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. "आता समज, एखादी खूण जवळजवळ साऱ्या माणसांच्या अंगावर आहे, आणि एकाच बाईच्या अंगावर न्हाय. तिला कुणाचं रक्त चालंल?"

"कुणाचंच नाही."

"मग मायनर कशाला म्हणायचं गं त्याला?" तुम्ही इतके खूश झालात, की जणू मीच शोध लावला होता. तिथंच तुम्ही मला ते आणखी एक सांगितलंत, जे मी आता प्रत्येक नव्या मुलीला सांगते. केल, डफी, किड ही रक्तगटांची नावं डॉक्टरांची नाहीत. ज्या पेशंटांच्या घरात ते पहिल्यांदा सापडले, त्या घरांची आहेत. "शोधणारा बाजूला राहिला, आणि आजारी माणसाचं नाव लागलं. असं दुसरीकडं कुठं बघितलंस?"

मग तुम्ही पपेन काढलंत. पपईच्या चिकातलं ते द्रव्य पेशींवर घातलं, की काही खुणा झडून जातात आणि काही जास्तच उठून दिसतात. कोणत्या झडल्या त्यावरून गुन्हेगारांची यादी निम्मी होते. मला तो वेळेचा अपव्यय वाटत होता. बाईला सोलापूरला पाठवू या, आपला एवढ्याशा गावातला दवाखाना, आपण ए-बी-आरएच करावं आणि गप्प बसावं, असं मी दोनदा बोललेसुद्धा. तुम्ही "पाठवू की, पण काय सांगून पाठवू?" एवढंच म्हणालात आणि अर्धा तास घड्याळाकडं बघत बसलात. आणि मग ते ओरडणं. पपेन घातलेल्या पेशींबरोबर सुवर्णाच्या सीरमची एकही गाठ झाली नव्हती, म्हणजे तिला नडणारी खूण झडणाऱ्यांपैकी होती.

"आता यादी लहान झाली," तुम्ही म्हणालात, "आणि तिच्यात एक नाव असं आहे, बेटा, की ते निघालं तर मी पेढे वाटीन."

नमुना मोठ्या लॅबला रवाना झाला. उत्तर यायला चार-पाच दिवस लागणार होते. डॉक्टरांनी हिशेब सांगितला, की चार-पाच दिवस थांबता येईल, त्यापुढं कळा सुरू झाल्या आणि रक्तस्राव झाला तर हातात काही नाही. सोलापूरलाही फोन झाला. त्यांच्या फ्रीजमध्येही जगातल्या साऱ्या माणसांसारखंच रक्त होतं.

तेव्हा तुम्ही व्हरांड्यात सुवर्णाच्या आईसमोर जाऊन खाली बसलात. काशीबाई बाकावर होत्या, लोहारा तालुक्यातल्या, माझ्या सास्तूरहून फार लांब नाही त्यांचं गाव. पांढरं कपाळ, त्यावर विभूतीची बोटं. तुम्ही विचारलंत, "मावशी, तुमचं लग्न नात्यातलं का?"

"व्हय. मामाच्या पोराला दिलं मला."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमचे डोळे असे चमकत होते, की मला लाज वाटली, एवढ्या काळजीच्या घरात कुणी असं चमकावं का? पण तुमचा रस्ता उघडला होता. एकाच घराण्यातून दोन्हीकडून एकच दुर्मीळ गोष्ट आली, म्हणून ती सुवर्णात उतरली. मग तिच्या भावंडांतही उतरली असेल. प्रत्येकाला चारात एक संधी.

दोन्ही भाऊ त्याच संध्याकाळी मोटारसायकलवरून आले. दोघांच्याही रेघा वर. आईचीही वर. सुवर्णाचा नमुना घ्यायला मी परत गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता. "आमची अक्का आहे कळंबला. महानंदा. शाळेत शिकवती. पण आईपुढं तिचं नाव काढू नका."

महानंदानं परजातीत लग्न केलं होतं. सहा वर्षं झाली होती. काशीबाईंनी दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं होतं. सुवर्णानं नंबर दिला आणि मी जिन्याखाली जाऊन फोन लावला. इथंच मी ते केलं, ज्यावरून आपलं भांडण झालं. मला वाटलं, खरं सांगितलं तर ही म्हणेल, सहा वर्षं मेले का जगले विचारलं नाही, आता रक्त हवं म्हणून आठवण झाली? म्हणून मी म्हणाले, "सुवर्णाला बरं नाही. तुमच्या आईनं बोलावलंय. म्हणाल्या, महानंदाला बोलवा."

तिनं दवाखाना कोणता ते विचारून घेतलं. मग, "सकाळच्या गाडीनं येते."

ती आली. गुलाबी काठांची सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी. व्हरांड्याच्या टोकाला थबकली. सहा वर्षांनी आई समोर. मी रक्तपेढीच्या दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, काशीबाई, काही बोलू नका, नुसतं बघा तिच्याकडं.

महानंदा जवळ आली. "आई, तू बोलावलंस ना मला?"

काशीबाईंनी मान वर केली नाही. "म्या न्हाय बोलावलं. कुणी सांगितलं तुला?"

मुनीरभाई, तुम्ही माझ्यामागं उभे होतात. तुम्ही काही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. तुम्ही मला बाजूला करून पुढं गेलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ताई, तुम्हाला आमच्याकडून खोटं सांगितलं गेलं. चूक आमची. तुमच्या बहिणीला रक्त लागतंय आणि तुमचं जुळण्याची शक्यता आहे, म्हणून बोलावलं, हे खरं. तुम्ही आत्ता माघारी फिरलात तरी तुम्हाला कुणी बोल लावणार न्हाय. म्या स्वतः स्टँडवर सोडतो."

मला वाटलं, तुम्हाला वेड लागलंय. आत पलंगावर एक बाई, पोटात एक जीव, जगात आपल्याला माहीत असलेला एकच मार्ग या बाईच्या दंडातून जातो, आणि तुम्ही तिला स्टँडवर सोडायला निघालात! मी तुमची बाही ओढली. तुम्ही झटकलीत.

महानंदानं आधी आईकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं.  मग तिनं पिशवी खाली ठेवली. "सुवर्णाला नेमकं काय झालंय, ते सांगा."

तुम्ही सांगितलंत. सगळं, बारकाव्यासकट, पपईपर्यंत. ती मास्तरीण होती, मधूनमधून प्रश्न विचारत होती. शेवटी तिनं दंड पुढं केला.

त्या कार्डाची दहा मिनिटं! मशीन फिरत होतं आणि आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. मशीन थांबलं, तुम्ही झाकण उघडलंत आणि कार्ड आधी माझ्या हातात दिलंत. एवढ्या रागातही आधी मला बघू दिलंत. तळाशी ठिपका होता. नीट, गोल, डाळिंबाच्या दाण्यासारखा. गट ओ पॉझिटिव्ह, बी असलेल्या सुवर्णालाही चालणारा. मी खाली फरशीवरच बसले आणि तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालात, "ऊठ, पगली. पिशवी घ्यायचीय."

दान करणाऱ्याला विचारायचे प्रश्न तुम्हीच विचारलेत. ताप? औषधं? आणि, "जेवून आलात का?"

"नाही. पहाटेच निघाले."

"मग आधी जेवा. उपाशी माणसाचं रक्त म्या घेत न्हाय."

दार उघडं होतं. बाकावरून काशीबाईंचा आवाज आला. त्या घरात बोलायच्या त्या कानडीत, आणि भिंतीकडं बघून, "ऊट आतेन?" जेवलीस का. उत्तर त्यांनी ऐकलेलंच होतं, तरी विचारलं. मग फडक्याची गाठ सोडली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. महानंदा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून खाऊ लागली आणि खाता खाता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.  तुम्ही खिडकीकडं तोंड करून उगाच फ्रीजचं तापमान बघत राहिलात.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तपासण्या झाल्या. सख्ख्या बहिणीचं रक्त तसंच चढवत नाहीत, त्यातल्या पांढऱ्या पेशी अंगावर उलटू शकतात, म्हणून पिशवी बर्फाच्या पेटीत सोलापूरला नेऊन तिच्यावर किरण मारून आणली. संध्याकाळच्या आत सुवर्णाला ती लागली, जोडीला शिरेतून लोह. पाचव्या दिवशी मोठ्या लॅबचा फोन आला आणि तुम्ही पुन्हा ओरडलात. "इंडियन! बेटा, इंडियन निघाला!" आपल्या देशाच्या लोकांत पहिल्यांदा सापडला म्हणून ज्याला इंडियन नाव पडलं, तो रक्तगट. त्यातली आयएन-बी ही खूण जगात जवळजवळ प्रत्येकाच्या पेशीवर असते, आणि आपल्या या दोन बहिणींच्या पेशींवर नव्हती. "धाराशिव जिल्ह्यात! आपल्या टेबलावर!" पेढे तुम्ही खरंच वाटलेत. झाडूवाल्या मावशींना दोन दिलेत, कारण सगळ्या रेघा वर आहेत हे आधी त्यांनी मोठ्यानं म्हटलं होतं. सुवर्णाला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आणि मग आपलं भांडण. पेढ्याचा पुडा मध्ये ठेवून सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत. मी म्हणायची, माझ्या खोट्यानं ती आली, म्हणून दोन जीव वाचले. तुम्ही म्हणायचात, माणसाच्या अंगातली गोष्ट घेताना त्याला फसवायचं नाही, बस्स. मी विचारायची, "आणि ती निघून गेली असती तर?" तुम्ही म्हणायचात, "तर गेली असती." या उत्तरानं माझं डोकं फिरायचं. किती वेळा मी चहा तसाच टाकून उठून गेले! एकदा तर म्हणाले, "तुम्हाला खुणा दिसतात, माणूस दिसत नाही." त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखे "बेटा, इकडं ये, किडची एक मजा दाखवतो" म्हणालात, आणि मी आले. तीच आपली माफी होती, असं मी धरून चालले. आता तसं धरता येत नाही. म्हणून मागते.

आता ती राहिलेली गोष्ट. तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी रक्तपेढीत फोन आला. मोठ्या लॅबमधून. "मुनीरभाईंना द्या." मी म्हणाले, ते नाहीत. "रजेवर आहेत का?" मला पटकन हो म्हणावंसं वाटलं. मग सांगितलं. पलीकडच्या बाई हळहळल्या. म्हणाल्या, "दुर्मीळ दात्यांच्या यादीत त्यांनी एक नाव दिलं होतं, महानंदा. हैदराबादकडं एक पेशंट आहे. म्हातारे गृहस्थ, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन अडलंय. आयएन-बी नसलेलं रक्त हवंय."

मी महानंदाला फोन लावला. आणि मुनीरभाई, मी सगळं खरं सांगितलं. परका माणूस, परकं राज्य, तुमचं-आमचं काही नातं नाही, नाही म्हणालात तरी चालेल. तुमचेच शब्द माझ्या तोंडून निघत होते. मग मी थांबले. आणि त्या थांबण्यात मनात एकच घोकत होते, ही नाही म्हणाली तर त्या म्हाताऱ्यांचं काय? तेव्हा मला कळलं. त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही घाबरला होतात. मरणाचे घाबरला होतात. मला इतकी वर्षं वाटत होतं, की तुम्हाला तत्त्वापुढं सुवर्णा दिसत नव्हती. तुम्हाला ती दिसत होती आणि तरी तुम्ही तिथं उभे राहून वाट बघितलीत.

महानंदा म्हणाली, "येते. मुनीरभाई गेले ते कळलं मला. येणारच होते."

पिशवी भरत असताना मी तिच्याजवळ बसले होते. न राहवून म्हणाले, "त्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले होते."

ती हसली. "मला फोनवरच कळलं होतं. तुम्ही म्हणालात, आई म्हणाली महानंदाला बोलवा. आई मला जन्मात कधी महानंदा म्हणाली नाही. नंदव्वा म्हणती."

"मग तुम्ही आलात कशाला? आणि आल्या आल्या त्यांना विचारलंत ते?"

ती हातातला रबरी चेंडू दाबत राहिली. "सुवर्णासाठी आले. आणि आईला विचारलं, कारण मला वाटलं, तिनं एकदा तरी, खोटं का होईना, व्हय म्हणावं."

मुनीरभाई, आपण इतकी वर्षं ज्या खोट्यावरून भांडलो, त्यानं ती आलीच नव्हती. तुमच्या खऱ्यानंही थांबली नव्हती. ती आधीच ठरवून निघाली होती. तुम्ही असतात तर आपण दोघंही वेड्यासारखे हसलो असतो आणि मग तुम्ही म्हणाला असतात, "तरी बी खोटं ते खोटंच." आणि मी म्हणाले असते, "तुम्ही गप्प बसा."

म्हाताऱ्यांचा मुलगा स्वतः गाडी घेऊन आला होता. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन तो नळदुर्गच्या रस्त्याला लागला. महानंदाला मी स्टँडवर सोडलं. गाडीत चढताना म्हणाली, आता सुट्टीत गावाकडं जाते, आई अजून फार बोलत नाही, पण पहिल्यांदा जेवणाचं विचारती.

काल सकाळी त्या मुलाचा फोन आला. ऑपरेशन झालं, एकच पिशवी लागली, रक्ताचा काही त्रास नाही, आणि म्हातारबाबा शुद्धीवर आल्यापासून चहा द्या म्हणून नर्सच्या मागं लागलेत. मी सगळ्या रक्तपेढीला सांगितलं, डॉक्टरांना, मावशींना, खिडकीपाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

तुमची,
मनीषा